‘माझ्या मशीनवर चालतंय!’

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं? ‘आज मेसमध्ये काय आहे?’ हे दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर ‘अरे, पण माझ्या मशीनवर चालतंय!’ या वाक्याचा. सीनियर्सकडून आलेला प्रोजेक्ट असो, पुस्तकाबरोबरचा सँपल कोड असो, नाहीतर सरांनी पेन ड्राइव्हवर दिलेला नमुना असो. ज्याने लिहिला त्याच्याकडे तो पळतो आणि आपल्याकडे आला की मान टाकतो.

यात हसण्यासारखं फार नाही. डेमोच्या दिवशी एक्स्टर्नल समोर बसलेले असतात, मशीन लॅबचं असतं आणि आपल्या लॅपटॉपवरचा तो हिरवा ‘रन’चा बाण तिथे असेलच असं नाही. सहा महिन्यांचं काम दहा मिनिटांत दाखवायचं आणि त्यातली आठ मिनिटं ‘थांबा सर, एक सेकंद’ म्हणण्यात जायची! शिवाय आपल्यात ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्यांना लॅबच्याच लिनक्स मशीनवर, रूट पासवर्डशिवाय सगळं करावं लागतं. त्यांच्यासाठी कमांड लाइन म्हणजे स्टाइल मारणं नव्हे, गरज आहे. म्हणून हा लेख.

आधी एक सूचना. मराठी विभागाच्या शिस्तीप्रमाणे कमांड्ससुद्धा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी, आणि सगळी अक्षरं लहान. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगेन.

बटणाच्या मागे काय चालतं?

समजा आपल्याकडे स्टॅकचा छोटा नमुना आहे. तीन फायली : मेन.सी, स्टॅक.सी आणि स्टॅक.एच. हिरवा बाण दाबल्यावर पडद्यामागे साधारण एवढंच होतं :

जीसीसी -वॉल -सी मेन.सी
जीसीसी -वॉल -सी स्टॅक.सी
जीसीसी मेन.ओ स्टॅक.ओ -ओ स्टॅकडेमो
./स्टॅकडेमो

(‘-वॉल’मधला डब्ल्यू कॅपिटल. भिंतीशी संबंध नाही, ‘वॉर्निंग ऑल’चं ते लघुरूप. नाव ‘ऑल’ असलं तरी सगळ्या वॉर्निंग त्यात येत नाहीत, ही आणखी एक गंमत.)

पहिल्या दोन ओळी कंपाइल करतात. प्रत्येक सी फाइल वेगवेगळी, शेजारच्या फायलीत काय लिहिलंय याचा पत्ता नसताना. तिसरी ओळ लिंक करते, म्हणजे मेनमध्ये ज्या ‘पुश’ला हाक मारली तो ‘पुश’ कुठल्या ऑब्जेक्ट फायलीत आहे हे शोधून जोडून देते. चौथी चालवते. एरर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा : ही कुठल्या पायरीची?

‘स्टॅक.एच : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर कंपायलरला हेडर सापडलेलं नाही. ते दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर -आय (कॅपिटल) लावून फोल्डर सांगा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पुश’ आलं तर मात्र कंपाइल व्यवस्थित झालंय. स्टॅक.ओ जोडायची राहिली. अशा वेळी सी फाइल उघडून सेमिकोलन शोधत बसणं म्हणजे चावी खोलीत राहिली म्हणून सायकलची हवा तपासण्यासारखं आहे.

यातच एक फसवा प्रकार आहे. गणिताचं फंक्शन वापरलं की लिनक्सवर शेवटी -एलएम लावावं लागतं. पण प्रोग्रॅममध्ये थेट २.० या आकड्याचं वर्गमूळ काढलं असेल, तर जीसीसी ते कंपाइल करतानाच काढून मोकळं होतं आणि -एलएम नसतानाही प्रोग्रॅम चालतो. तिथे युजरकडून घेतलेला एक्स टाकला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’! ‘फक्त एक व्हेरिएबल बदललं आणि बिघडलं’ असं कोणी म्हणालं तर ते खोटं बोलत नाहीये. आणि हो, -एलएम सी फायलींच्या नंतर लिहायचं. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररीपाशी पोचेपर्यंत कोणी काही मागितलंच नसेल, तर तो त्यातून काही उचलत नाही.

एररची यादी स्क्रीनवरून पळून गेली तर शेवटची ओळ वाचू नका, पहिली वाचा. बाकीच्या बऱ्याचदा पहिलीचीच पिल्लं असतात. कमांडच्या पुढे ‘२>&१ | लेस’ लावलं की सगळं पानापानाने दिसतं.

डॉट-स्लॅशचं कोडं

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं तरी तो चालतो, कारण विंडोज आधी आपण उभे आहोत त्या फोल्डरमध्ये बघतं. लिनक्स तसं करत नाही. ते फक्त ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये (सगळी अक्षरं कॅपिटल) लिहिलेल्या फोल्डरांमध्ये शोधतं आणि त्या यादीत सहसा चालू फोल्डर नसतं. म्हणून ‘कमांड नॉट फाउंड’. ‘./’चा अर्थ ‘इथलाच, या फोल्डरमधला’.

हा त्रास मुद्दाम ठेवलाय. समजा लॅबमधल्या शेअर्ड फोल्डरमध्ये कोणी ‘एलएस’ नावाची स्वतःची स्क्रिप्ट ठेवली आणि तिच्यात तुमच्या फायली उडवायची ओळ लिहिली. चालू फोल्डर पाथमध्ये सगळ्यात आधी असतं, तर तिथे जाऊन सहज एलएस केल्याबरोबर तुमचं होम साफ! (विंडोजच्या पॉवरशेलनेही हीच शिस्त धरली आहे, तिथेही डॉट आणि उलटा स्लॅश लागतो.)

फर्स्ट इयरसाठी खास : आपल्या पहिल्या प्रोग्रॅमचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नका. ‘टेस्ट’ नावाची कमांड शेलमध्ये आधीपासून आहे. नुसतं टेस्ट टाइप केलं तर ती चालते, काहीही छापत नाही, एररही देत नाही. बिचारा विद्यार्थी प्रिंटएफ तपासत बसतो. ‘टाइप टेस्ट’ अशी कमांड द्या, शेल स्वतःच सांगेल की ही माझी घरचीच आहे.

मेक : एका वाया गेलेल्या सकाळची गोष्ट

तीन फायली असतील तर चार ओळी हाताने टाइप करता येतात. तीस असतील तर? त्यासाठी ‘मेक’. हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन (यॅक लिहिणारे) एक दिवस वैतागून त्यांच्याकडे आले. प्रोग्रॅममधला बग त्यांनी दुरुस्त केला होता, पण ती फाइल परत कंपाइल करायची राहिली आणि अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात गेली. आदल्या संध्याकाळी फेल्डमनही त्याच फेऱ्यात सापडले होते. त्यातून मेक जन्माला आला आणि २००३ साली त्याला एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. म्हणजे आपल्याला जे होतं ते बेल लॅब्जमध्येही व्हायचं!

आपल्या स्टॅकची मेकफाइल (नावातला एम कॅपिटल) अशी :

स्टॅकडेमो: मेन.ओ स्टॅक.ओ
    जीसीसी मेन.ओ स्टॅक.ओ -ओ स्टॅकडेमो
मेन.ओ: मेन.सी
    जीसीसी -वॉल -सी मेन.सी
स्टॅक.ओ: स्टॅक.सी स्टॅक.एच
    जीसीसी -वॉल -सी स्टॅक.सी

कोलनच्या डावीकडे काय बनवायचं, उजवीकडे ते कशापासून बनतं, खाली कसं बनवायचं. मेक फायलींच्या आत डोकावत नाही. तो फक्त घड्याळ बघतो : उजवीकडची एखादी फाइल डावीकडचीपेक्षा नवीन असेल तर खालची कमांड चालवायची, नाहीतर गप्प बसायचं. बस्स, एवढंच त्याचं डोकं.

आत सरकवलेल्या ओळीच्या सुरुवातीला खरी टॅब लागते. आठ स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून तो थांबतो. वेबवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या मेकफाइलमध्ये हे हमखास होतं, आणि या छापील पानावरून तर टॅब येणारच नाही. ‘कॅट -ए मेकफाइल’ (ए कॅपिटल) केलं की टॅबच्या जागी कॅरेट-आय दिसतो, स्पेस स्पेसच राहतात. हा टॅबचा हट्ट का? फेल्डमन यांनी सुरुवातीला घाईत तसं करून टाकलं. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरायला लागले, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फायली बिघडू नयेत म्हणून ते बदललं नाही. डझनभर मित्रांची सोय बघितली आणि जगभरच्या विद्यार्थ्यांना टॅब चिकटली!

आता वरच्या मेकफाइलकडे पुन्हा बघा. तिच्यात मी एक चूक मुद्दाम ठेवली आहे. मेन.ओच्या ओळीत स्टॅक.एच लिहिलेलं नाही, जरी मेन.सी ते हेडर इन्क्लूड करते. काय बिघडलं? हेडरमधलं स्ट्रक्चर समजा असं आहे : एक इंट ‘टॉप’ आणि दहा इंटांचा ॲरे. चार अधिक चाळीस, एकूण ४४ बाइट्स. तुम्ही हेडरमध्ये १०चे १०० केले आणि मेक चालवलं. स्टॅक.ओ नव्याने बनली. तिच्या मते स्टॅक ४०४ बाइट्सचा आहे. मेन.ओ मात्र जुनीच राहिली, तिने स्टॅकसाठी जागा ठेवली ४४ बाइट्सची. लिंकरला यातलं काहीच कळत नाही, तो नावं जुळवतो, आकार नाही. प्रोग्रॅम बनतो, वॉर्निंगसुद्धा नाही. दहा पुशपर्यंत छान चालतो. अकरावा पुश शेजारच्या कोणाच्यातरी जागेत जाऊन बसतो. मग कधी दुसऱ्याच व्हेरिएबलची किंमत बदलते, कधी ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ येतं, कधी नुसतं सेगमेंटेशन फॉल्ट. सोर्स कोड कितीही वेळा वाचा, त्यात चूक नाहीच!

आणि अशा वेळी कोणीतरी सगळ्या .ओ फायली पुसून परत मेक करतो, प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि ‘भूत गेलं’ म्हणून सगळे चहाला जातात. भूत वगैरे काही नाही, दोन ऑब्जेक्ट फायलींमध्ये आकारावरून मतभेद होता. मेन.ओच्या पुढे स्टॅक.एच हे एक नाव लिहिलं की झालं. फायली वाढल्यावर हे हाताने लिहायचा कंटाळा येतो, तेव्हा जीसीसीला -एमएमडी (सगळी कॅपिटल) द्या. तो स्वतः ही यादी .डी फायलींमध्ये लिहून देतो, मेकफाइलमध्ये त्या इन्क्लूड करायच्या.

खराखुरा नमुना : जीएनयू हॅलो

स्वतःचं बनवून झालं, आता दुसऱ्याचं चालवू. सरावासाठी ‘जीएनयू हॅलो’सारखं दुसरं काही नाही. हा प्रोग्रॅम ‘हॅलो, वर्ल्ड!’ छापतो, दुसरं विशेष काही करत नाही, पण त्याचं पॅकेज मोठ्या प्रोजेक्टसारखं बांधलेलं असतं. किंबहुना नमुना म्हणूनच तो जीएनयूने ठेवलाय. २.१० ही आवृत्ती २०१४ची, एक एमबीहून लहान, त्यामुळे हॉस्टेलच्या नेटवरही उतरते.

टार -एक्सझेडएफ हॅलो-२.१०.टार.जीझेड
सीडी हॅलो-२.१०
लेस रीडमी
./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/हॅलो
मेक
मेक चेक
मेक इन्स्टॉल

रीडमी आणि होम कॅपिटलमध्ये. तिसरी ओळ गाळू नका, ती सगळ्यात जास्त गाळली जाणारी कमांड आहे.

कॉन्फिगर ही एक शेल स्क्रिप्ट. ती या मशीनवर कंपायलर कुठला आहे, कोणती फंक्शन्स आहेत, हे एकेक विचारत जाते आणि मेकफाइल.इन या साच्यातून या मशीनची मेकफाइल तयार करते. अडली तर का अडली हे कॉन्फिग.लॉगमध्ये सविस्तर लिहिलेलं असतं. (कंपायलरच नसेल तर उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ पॅकेज लागतं, आणि तिथे मात्र लॅब असिस्टंट सरांनाच विनंती करावी लागेल.) ‘प्रीफिक्स’ हा आपला, म्हणजे पासवर्ड नसलेल्यांचा, मित्र. तो दिला नाही तर मेक इन्स्टॉल फायली /यूएसआर/लोकलमध्ये टाकायला जातो आणि ‘परमिशन डिनाइड’ होतं. दिला की सगळं आपल्याच होममध्ये, कोणाची परवानगी नको. ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्यांनीही अनोळखी प्रोजेक्टवर सुडो लावण्याआधी ‘मेक -एन इन्स्टॉल’ करून बघावं. तो काहीही न करता, काय केलं असतं ते छापतो.

आता हेच लॅबमध्ये करताना काय काय होतं ते बघू, कारण पुस्तकं नेमकी इथे गप्प असतात.

पेन ड्राइव्हवरच टार उघडून तिथूनच ./कॉन्फिगर केलं तर बऱ्याच मशीनवर ‘परमिशन डिनाइड’ येतं. पेन ड्राइव्ह सहसा फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्या पद्धतीत ‘ही फाइल चालवता येते’ ही खूण साठवायला जागाच नाही, त्यामुळे सीएचमॉड करूनही फरक पडत नाही. ‘एसएच कॉन्फिगर’ करून गनिमी काव्याने पुढे गेलात तरी थोड्या वेळाने कॉन्फिगर स्वतः बनवलेला छोटा प्रोग्रॅम चालवायला जातो आणि तिथे अडतो. टार फाइल आहे तशी होममध्ये कॉपी करा, आणि तिथे उघडा.

फोल्डरचं नाव ‘डीएस & ओएस’ असं ठेवलं असेल, तर या अँपरसँडमुळे कॉन्फिगर ‘अनसेफ ॲब्सोल्यूट वर्किंग डिरेक्टरी नेम’ म्हणून सुरुवातीलाच हात वर करतो. साधी नावं ठेवा.

जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की प्रत्येक वेळी चालू केल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या सालात जाते. माणसाला त्याचं काही वाटत नाही, मेकला वाटतं, कारण त्याचं सगळं डोकं घड्याळावर. कॉन्फिगर सांगतो की नवीन बनवलेली फाइल पॅकेजमधल्या फायलींपेक्षा जुनी आहे, सिस्टिम क्लॉक तपासा, आणि थांबतो. आपल्या स्टॅकच्या मेकफाइलवर हेच ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युअर बिल्ड मे बी इनकंप्लीट’ या वॉर्निंगच्या रूपात दिसतं. ती धमकी नव्हे, खरी बातमी आहे. मित्राच्या लॅपटॉपवरून आलेली स्टॅक.सी ‘भविष्यातली’, त्यामुळे काही फायली उगाच पुन्हा पुन्हा कंपाइल होतात आणि काही व्हायला हव्या असताना होत नाहीत. ‘डेट’ कमांड देऊन बघा. तारीख चुकीची असेल तर कोडला हात लावण्याआधी सरांना सांगून ती नीट करून घ्या. नवी बॅटरी अगदी किरकोळ किमतीत मिळते.

विंडोजवर एडिट केलेली स्क्रिप्ट असेल तर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं आणि नावाच्या शेवटी कॅरेट-एम चिकटलेलं दिसतं. विंडोज ओळ संपवताना दोन बाइट लिहितं, १३ आणि १०. लिनक्सला फक्त १० लागतो, आणि उरलेला १३ नावाचाच भाग समजला जातो. ‘डॉस२युनिक्स’ ने तो निघतो. मघाची कॅट -ए इथेही कामाला येते.

जुन्या जर्नलमधले प्रोग्रॅम

हे थोडक्यात उरकतो. सीनियर्सच्या जर्नलमधले बरेच नमुने टर्बो सीचे असतात. त्यातलं कोनिओ.एच लिनक्सच्या जीसीसीकडे नाही, क्लीअर-स्क्रीन नाही, आणि त्या ओळी काढून टाकल्या की बहुतेक प्रोग्रॅम चालतात. पण आउटपुट जर्नलशी जुळेलच असं नाही. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटांचा, त्यात ३२७६७च्या पुढे जाता येत नाही. जीसीसीमध्ये तो चार बाइटांचा. जर्नलमध्ये ८चं फॅक्टोरियल ऋण आलेलं दिसत असेल, तर त्याचं कारण हे. खरं उत्तर ४०३२० आहे. ‘जर्नलमध्ये असंच आहे’ म्हणून तो ऋण आकडा पुढच्या बॅचने उतरवून काढू नये, एवढंच.

जावावाल्यांच्या दोन तक्रारी. पॅकेज ‘बँक’ आणि क्लास ‘अकाउंट’ असेल तर बँक फोल्डरच्या आत जाऊन ‘जावा अकाउंट’ चालत नाही. एक पायरी बाहेर येऊन ‘जावा बँक.अकाउंट’ म्हणायचं. दुसरी, ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’. मेसेजमधला आकडा वाचा : ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. तुमच्या लॅपटॉपवर १७ने कंपाइल केलेलं लॅबच्या ८वर चालणार नाही. घरूनच ‘जावासी --रिलीज ८’ करून आणा. आणि एकाच फायलीचा नमुना असेल तर २०१८ साली आलेल्या जावा ११पासून ‘जावा अकाउंट.जावा’ असं थेटही चालतं.

नव्या प्रोजेक्ट्समध्ये कॉन्फिगरऐवजी ‘सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी’ दिसली तर ‘सीमेक -एस . -बी बिल्ड’ (एस, बी कॅपिटल) आणि मग ‘सीमेक --बिल्ड बिल्ड’. कल्पना तीच, साचा वेगळा.

देण्याआधी

आपला प्रोजेक्ट ज्युनियर्सना देताना तीन गोष्टी बरोबर द्या. एक इनपुटची फाइल, एक अपेक्षित आउटपुटची आणि एक रीडमी. मग तपासणं असं होतं :

./स्टॅकडेमो < इनपुट.टीएक्सटी > माझं.टीएक्सटी
डिफ माझं.टीएक्सटी अपेक्षित.टीएक्सटी

डिफने काहीच छापलं नाही तर जुळलं. एक्स्टर्नलसमोर वीस आकडे हाताने टाइप करण्यापेक्षा हे बरं दिसतं आणि बोटं थरथरत असली तरी कळत नाही! रीडमीत ‘प्रोजेक्ट रन करा’ असं मोघम नको. कुठल्या फोल्डरमध्ये उभं राहून कुठल्या कमांड्स, कुठल्या क्रमाने, कंपायलर कुठल्या आवृत्तीचा, हे लिहा. शेवटी मेकफाइलमध्ये ‘क्लीन’ नावाचा नियम घालून .ओ फायली पुसा आणि मगच टार -सीझेडएफ करा, नाहीतर तुमच्या जुन्या ऑब्जेक्ट फायली दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन तोच ४४ आणि ४०४चा घोळ घालतील.

मग ती टार फाइल शेजारच्या रूममधल्या मशीनवर, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि रूमपार्टनरला रीडमीतल्या ओळी जशाच्या तशा टाइप करायला सांगा. तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. तो जिथे थांबून ‘आता काय?’ विचारेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे. ती लिहा, फोल्डर पुसा आणि त्याला परत पहिल्यापासून सुरू करायला सांगा. चहा तुमच्याकडून.